पावणेदोन क्विंटलात चंद्र

दसरा उलटला की यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या बाजूला पऱ्हाटी फुटू लागते. पहिल्या वेचणीआधी कास्तकार शेतात सीतादही करतो, दहीभाताचा नैवेद्य दाखवतो आणि मग बाया कमरेला ओटी बांधून ओळीला लागतात. त्या ओळीतलं एकच बोंड घेऊ. चांगलं भरलेलं, चार ग्रॅमचं. त्यात सरकीचे तीसेक दाणे असतात आणि एकेका दाण्यावर दहा हजारांच्या वर तंतू. एक तंतू साधारण २८ मिलिमीटरचा. म्हणजे बोंडात तीन लाख तंतू झाले. टोकाला टोक लावून ते ताणले, तर साडेआठ किलोमीटर भरतात. एका बोंडातून!

हा आकडा हवेतला नाही. बाजारात रुईची जाडी 'मायक्रोनेअर'मध्ये मोजतात आणि आपल्याकडच्या मध्यम रुईचा मायक्रोनेअर चारच्या आसपास येतो. त्या हिशेबानं एक किलोमीटर लांबीच्या तंतूचं वजन ०.१५७ ग्रॅम. चार ग्रॅम कापसात एक तृतीयांशाच्या थोडी वर रुई निघते, बाकी सरकी. भागाकार ज्याचा त्यानं करून पाहावा, साडेआठाच्या आसपासच उत्तर येईल.

आता चढत जाऊ. एका क्विंटल कापसात पंचवीस हजार बोंडं आणि ३४ किलो रुई. तिचा तंतू दोन लाख सोळा हजार किलोमीटर. चंद्र आपल्यापासून तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे पावणेदोन क्विंटल कापसात चंद्र गाठता येतो. यवतमाळ जिल्ह्यात कापसाखाली साडेचार लाख हेक्टरांच्या घरात जमीन असते. हेक्टरी साडेतीनशे किलो रुई धरली, तर जिल्ह्याच्या एका हंगामाचा तंतू एक लाख कोटी किलोमीटर होतो. माणसानं सोडलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात दूर गेलेलं व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली सुटलं आणि जवळजवळ पन्नास वर्षं धावून अडीच हजार कोटी किलोमीटरवर पोचलं आहे. जिल्ह्याचा कापूस त्याच्या चाळीसपट पुढे. सगळ्या देशाचं पीक, म्हणजे १७० किलोच्या सव्वातीन कोटी गाठी, ताणलं तर पावणेचार प्रकाशवर्षं होतं. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, तेव्हा थोडक्यात हुकतं. जगाचं एका वर्षाचं पीक व्याधाला मागे टाकून साडेसोळा प्रकाशवर्षांवर, थेट श्रवण नक्षत्राच्या ताऱ्याजवळ जाऊन थांबतं.

असे आकडे वाचून माणूस 'बापरे' म्हणतो आणि पान उलटतो. श्रवण नक्षत्राशी आपलं देणंघेणं नाही. देणंघेणं आहे ते अंगावरच्या शर्टाशी.

मापाचा, पूर्ण बाह्यांचा, दोनशे ग्रॅम वजनाचा सुती शर्ट घ्या. चाळीस नंबरच्या सुताचा असेल, तर त्यात साडेतेरा किलोमीटर सूत आहे. मारेगावच्या चौकात एक टोक धरून वणीच्या रस्त्यानं उलगडत निघालात, तर सूत संपेस्तोवर वणी बऱ्यापैकी जवळ आलेली असेल. कापताना वाया गेलेलं कापड, कातताना उडालेली किंवा मोडलेली रुई हे सगळं मिळवून मागे मोजत गेलं, की शर्टाला आठशे ग्रॅम कापूस लागतो. दोनशे बोंडं. त्यांतला तंतू सतराशे किलोमीटर, मारेगावाहून सरळ रेषेत श्रीनगरच्याही पलीकडे जाणारा. आणि पैसे? २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. त्या भावानं आठशे ग्रॅमचे पासष्ट रुपये होतात. वेचणीची मजुरी किलोला दहा रुपयांच्या आसपास धरली, तर एका शर्टाचा कापूस वेचल्याचे बाईच्या हाती आठ रुपये. एक बाई दिवसाला चाळीस किलोपर्यंत वेचते. दहा हजार बोंडं. दहा हजार वेळा वाकून चिमटीत धरायचं आणि पात्याचा चुरा लागू न देता ओढायचं. काचलेल्या बोटांचा हिशेब यात कुठेच नाही.

ती बाई अंगात काय घालते तेही पाहून ठेवावं. नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरची साडी आणि काटे-काड्यांपासून हात वाचावेत म्हणून वरून नवऱ्याचा जुना, टेरिकॉटचा शर्ट. कापसाच्या शेतात सुती कपडा शोधावा लागतो. यात तिचं काही चुकत नाही. स्वस्त, पटकन वाळणारा आणि लवकर न फाटणारा कपडा तिनं निवडला. तिच्यापुढे जे मांडलं गेलं त्यातून तिनं ते निवडलं. मांडणारे दुसरे होते. हा लेख त्या मांडणाऱ्यांबद्दल आहे, म्हणजे डिझायनरांबद्दल.

डिझायनर म्हटलं की फॅशन शोचा मंच डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात डिझायनर म्हणजे संगणकावर शर्टाचा नमुना आखणारा आणि कुठलं कापड, किती शिलाई, कोणता दोरा, किती बटणं हे ठरवणारा पगारी माणूस. त्याच्या एकेका निर्णयाला कोटींनी गुणलं जातं. समजा एखाद्या कंपनीनं काही वर्षांत दहा कोटी शर्ट काढले आणि त्या माणसानं शर्टाची लांबी एका सेंटिमीटरनं वाढवली. का, तर यंदा जरा लांब शर्टांची टूम आहे. दहा कोटी गुणिले एक सेंटिमीटर म्हणजे हजार किलोमीटर कापड. दीड मीटर पन्ह्याचं, मध्यम वजनाचं धरलं तर पावणेदोनशे टन. त्याला लागणारी रुई दोनशे टनांच्या वर. विदर्भातल्या चांगल्या पिकलेल्या कोरडवाहू एकरात सव्वापाच क्विंटल कापूस, म्हणजे १८० किलो रुई धरली, तर त्या एका सेंटिमीटरसाठी अकराशे एकर पऱ्हाटी पेरावी, डवरावी, फवारावी आणि वेचावी लागते. वेचणीचेच पंधरा हजार मजूर-दिवस.

मला हा हिशेब चंद्राच्या हिशेबापेक्षा जास्त हादरवतो. चंद्रापर्यंतचा तंतू कोणी ताणणार नाही. सेंटिमीटर मात्र रोज कुठे ना कुठे वाढतो.

कापणीच्या टेबलावर काय होतं ते बघा. कापडाचे शंभर-शंभर थर एकावर एक पसरून त्यातून पाठ, छाती, बाही, कॉलर यांचे आकार कापतात. मधल्या वाकड्यातिकड्या फटींत उरलेलं कापड म्हणजे कतरण. ते सरासरी पंधरा टक्के असतं, असा अंदाज या विषयाच्या अभ्यासकांत वर्षानुवर्षं चालत आला आहे. पंधरा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. यवतमाळ जिल्ह्याचा सगळा कापूस शिवलेल्या कपड्यांत गेला असं धरा. त्यातल्या साडेसदुसष्ट हजार हेक्टरांचा कापूस थेट कतरणीसाठी पिकला. एखाददुसरा अख्खा तालुका. जूनच्या पेरणीपासून फरदड उपटेपर्यंत त्या तालुक्यानं जे राबायचं, ते टेबलाखालच्या पोत्यांत.

टिमो रिसानेन आणि हॉली मॅकक्विलन या दोन डिझायनरांनी २०१६ साली शून्य कतरणीच्या शिवणावर पुस्तकच लिहिलं. नमुना असा आखायचा की तुकडे एकमेकांत बसतील आणि फट उरणारच नाही. पाश्चात्त्य फॅशन-विद्यालयांत त्याचं केवढं कौतुक झालं. आपल्याकडे नऊवार लुगडं, धोतर, उपरणं, पंचा, घोंगडी हे सगळे मागावरून उतरले तसे अंगावर चढणारे कपडे. कात्रीशी गाठच नाही. तरी याचा फार अभिमान मिरवू नये. जुन्या माणसांकडे दोन लुगडी होती, कारण तिसरं घ्यायला पैसा नव्हता. लुगड्याची वाकळ आणि वाकळीचं पोतेरं झालं तेही त्याच कारणानं. गरिबीला पर्यावरणप्रेम म्हणणं ही पोट भरलेल्यांची हौस आहे. पण कपड्याची रचना म्हणून लुगडं आजही बिनतोड आहे, हे मान्य करायला हरकत नसावी.

नवा शर्ट घरी आणून उघडा. पारदर्शक पिशवी, आत पुठ्ठा, पातळ कागद, कॉलरखाली प्लास्टिकची वाकवलेली पट्टी, गळ्याशी प्लास्टिकचंच फुलपाखरू, बाह्यांना क्लिपा, पाच-सहा टाचण्या, तीन लेबलं आणि दोरीनं बांधलेला एक गुळगुळीत कागद, ज्यावर हिरव्या पानाचं चित्र. शर्ट अंगात घालण्याआधी हे सगळं कचऱ्यात जातं. यातलं प्लास्टिक तीस ग्रॅम धरलं, तर दहा कोटी शर्टांमागे तीन हजार टन. दहा टनांचे तीनशे ट्रक. आणि टाचण्या पन्नास कोटी. त्यातली एखादी आपल्या मानेत घुसतेच.

न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. 'शंभर टक्के कॉटन' लिहिलेला शर्ट बहुतेक वेळा पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं शिवलेला असतो. जीन्समध्ये ताण यावा म्हणून दोन टक्के इलॅस्टेन मिसळतात. घालणाऱ्याला फरक कळत नाही, पण कपडा जुना झाल्यावर त्याचा पुन्हा धागा करायला घेतला, की ही दोन टक्के भेसळ आडवी येते. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालातला एक टक्काही पुन्हा कपड्यांत येत नाही. त्याच अहवालातलं आणखी एक गणित: दर सेकंदाला एक ट्रकभर कापड जगात कुठेतरी पुरलं किंवा जाळलं जातं. दिवसाला ८६,४०० ट्रक. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा आकडा वर्षाला ९ कोटी २० लाख टन. भारतात दरवर्षी ७८ लाख टन कापड-कचरा गोळा होतो, असं 'फॅशन फॉर गुड' या संस्थेनं २०२२ साली मांडलं. त्यात कारखान्यातली कतरण आली, घरातले जुने कपडे आले, परदेशातून पानिपतसारख्या ठिकाणी येणाऱ्या चिंध्याही आल्या. देशातली वर्षाची सगळी रुई भरते ५५ लाख टन. म्हणजे चिंधीचं वजन पिकापेक्षा जास्त!

तिकडे नवे कपडे किती निघतात, याचं नक्की उत्तर कुणालाच देता येत नाही. आठ हजार कोटींपासून पंधरा हजार कोटी नगांपर्यंत अंदाज फिरतात. दहा हजार कोटी धरले तरी सेकंदाला तीन हजारांवर कपडे. ज्या धंद्याला आपला माल किती हजार कोटी आहे हेही ठाऊक नाही, त्यानं हिरव्या पानाचं चित्र छापावं, हे जरा जास्तच आहे.

आकड्यांच्या या बाजारात एक आकडा मात्र कापसाच्या बोकांडी बसला आहे, आणि मारेगावच्या बाजूनं त्याचा समाचार घ्यायला हवा. 'एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं' हे वाक्य पोस्टरांवर, भाषणांत, शाळेच्या प्रकल्पांत सगळीकडे असतं. भारतीय कापसाबद्दल तर आणखी भयंकर बोलतात. पाण्याचा ठसा मोजणाऱ्या नेदरलँड्समधल्या संस्थेचा आकडा किलोला २२,५०० लिटर असा आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, विदर्भातला कास्तकार कुणाच्या तरी तोंडचं पाणी पळवतोय.

मारेगावच्या एकरात बसून हाच आकडा मांडू. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. वर्षाला एक मीटर पाऊस धरला, तर त्यावर चाळीस लाख लिटरांहून जास्त पाणी पडतं. त्याच एकरात १८० किलो रुई. भागाकार साडेबावीस हजारांच्या अगदी जवळ! त्या संस्थेची मोजण्याची रीत वेगळी आहे आणि एकरावर पडलेलं सगळं पाणी काही पऱ्हाटी पीत नाही, थोडं नाल्यानं वर्धा नदीला जाऊन मिळतं. पण आकड्याचा आकार कुठून येतो ते इथे दिसतं. पाणी जास्त आहे म्हणून आकडा मोठा नाही. पीक थोडं आहे म्हणून मोठा आहे. आणि ते पाणी बहुतांश आभाळातलं. कापूस पेरला नसता तरी पडलंच असतं.

याच्या उलट उदाहरण अरल समुद्राचं. १९६० साली त्याचं क्षेत्र ६८,००० चौरस किलोमीटर होतं. यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्र १३,५८२. बरोबर पाच यवतमाळ मावतील एवढा तो समुद्र. सोव्हिएत काळात अमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाकडे वळवल्या आणि समुद्राचा दहावा हिस्साही उरला नाही. तिथला एक लिटर आणि मारेगावचा एक लिटर एकाच रकान्यात लिहिणं ही हिशेबातली लबाडी आहे. २०२१ साली ट्रान्सफॉर्मर्स फाउंडेशननं कापसाबद्दलच्या अशा सैल आकड्यांची एक-एक करून चिरफाड केली. पोस्टरं अजून तशीच आहेत.

कोरडवाहू कापूस म्हणून सगळं निर्मळ, असंही नाही. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं दगावली आणि आठशेवर दवाखान्यात गेली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळीनं बीटी वाणाला दाद देणं सोडलेलं, पाठीवर पंप आणि तोंडाला फार तर दुपट्टा. पाण्याच्या आकड्यांचे पोस्टर छापणाऱ्यांनी हा आकडा कधी छापल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

तर मग जबाबदारीनं डिझाइन करणं म्हणजे नेमकं काय? त्याचा सगळ्यात खणखणीत नमुना शंभर वर्षांच्या आतबाहेरचा आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं चरख्याची स्पर्धा जाहीर केली. बक्षीस एक लाख रुपये. त्या काळातले एक लाख! अटी वाचा: चरखा हलका हवा, खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालवता यावा. बाईला आठ तास फार न थकता त्यावर बसता यावं. आठ तासांत बारा ते वीस नंबरचं सोळा हजार फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकावा. आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, म्हणजे साडेसात रुपये.

आज कुठलीही मोबाइल कंपनी, कुठलीही मिक्सरची कंपनी ही शेवटची अट घालून घेईल? वस्तू किती वर्षं चालेल आणि दरवर्षी दुरुस्तीला किती पैसे लागतील हे आधी लिहून देऊन मग ती बनवायची. पर्यावरणपूरक रचनेवर आज जे जाडजूड ग्रंथ निघतात, त्यांचा अर्क या सात-आठ ओळींत आहे. आणि वापरणारी बाई अटींच्या मध्यभागी आहे, हे विशेष. किर्लोस्करवाडीहूनही एक चरखा या स्पर्धेत उतरला होता. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

सोळा हजार फूट म्हणजे पावणेपाच-पाच किलोमीटर. आजच्या गिरणीतली एक चाती आठ तासांत चाळीस नंबरचं नऊ किलोमीटर सूत काढते. जेमतेम दुप्पट. पण कताईच्या एका यंत्रावर, रिंग फ्रेमवर, हजारावर चात्या, आणि देशभरात पाच कोटी. सगळ्या एकदम चालल्या, तर एका पाळीत पंचेचाळीस कोटी किलोमीटर सूत. सूर्य पंधरा कोटींवर आहे. म्हणजे जेवणाची सुट्टी होण्याआधीच सूर्य गाठून झालेला. वेगाच्या स्पर्धेत चरखा कधीच जिंकणार नव्हता, हे स्पर्धा लावणाऱ्यांनाही कळत होतं. त्यांची मोजपट्टी वेगळी होती.

ती मोजपट्टी नीट आखली जे. सी. कुमारप्पा यांनी. तंजावरचा हा ख्रिस्ती तरुण लंडनला हिशेबतपासनीस झाला, मुंबईत त्यानं पेढी थाटली, कोलंबिया विद्यापीठात भारताच्या दारिद्र्यावर आणि सरकारी खर्चावर प्रबंध लिहिला. १९२९ मध्ये साबरमतीला गांधींना भेटला आणि सुटाबुटातून खादीत आला. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा जमनालाल बजाजांनी दिलेल्या वर्ध्याच्या बागेत, मगनवाडीत, कुमारप्पांनी मुक्काम ठोकला. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते, तेव्हा आपला यवतमाळ जिल्हाही त्यांच्या हिशेबाच्या वहीत होता.

हा माणूस चोपडीतला अर्थशास्त्रज्ञ राहिला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. धोतर आणि पायजमा यांच्या मधला 'धोतीजामा' त्यांनी स्वतःच बेतला आणि अंगात घातला. मगनवाडीत हातकागद बनायचा. ग्रामोद्योग संघाची पुस्तकं त्याच कागदावर छापली जायची. रॉकेलच्या कंदिलाऐवजी खाद्यतेलावर चालणारा 'मगनदीप' तिथे तयार झाला. दिव्याच्या आकारावर एवढी मेहनत का? कारण कुमारप्पांच्या हिशेबात दोन खाती होती. एक साठ्याचं: कोळसा, खनिज तेल, जे काढलं की संपतं. दुसरं प्रवाहाचं: झाड, पीक, पाऊस, बैल, माणसाचा हात, जे दरवर्षी पुन्हा भरतं. रॉकेलचा कंदील साठ्यातून खर्च करतो, तेलाचा दिवा प्रवाहातून. १९४५ साली आलेल्या 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकात हा विचार सविस्तर आहे. हिशेबतपासनिसाला साजेसा विचार. मुद्दल आणि व्याज यांत गल्लत करणारा माणूस त्यांना खपत नसे.

मारेगाव-वणी भागात ही दोन्ही खाती एकावर एक मांडलेली आहेत. वर कापूस, जो सहा-सात महिन्यांत येतो. खाली वणीच्या खाणींतला कोळसा, जो जमायला सुरुवात होऊन पंचवीस कोटी वर्षं उलटून गेली. एकाच रस्त्यावर कापसाची गाडी आणि कोळशाचा ट्रक एकमेकांना ओलांडून जातात. जगाच्या कपड्यांचं काय झालं, ते या दोन खात्यांत लिहिता येईल. २००० साली जगात सगळ्या प्रकारचा मिळून ५ कोटी ८० लाख टन धागा निघत होता. २०२३ मध्ये १२ कोटी ४० लाख टन. दुपटीहून जास्त. कापूस मात्र वीस वर्षं अडीच कोटी टनांच्या आगेमागेच घुटमळतो आहे. वाढ झाली ती मुख्यतः पॉलिएस्टरची, खनिज तेलापासून बनणाऱ्या धाग्याची. २०२३ मध्ये जगातल्या धाग्यात त्याचा वाटा ५७ टक्के होता. कपडे दुप्पट झाले ते साठ्यातून. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठानं २०१६ मध्ये धुण्याच्या पाण्यातले तंतू मोजले. सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून पॉलिएस्टरचे पाच लाखांच्या घरात, अ‍ॅक्रिलिकचे सात लाखांवर. बोंडातल्या तंतूंपेक्षा ही संख्या जास्त आहे, आणि हे तंतू मातीत कुजत नाहीत.

यावर या धंद्यातल्या माणसांनी स्वतःपुरते पण केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. जीन्स बनवणाऱ्या लिव्हाइस कंपनीचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग यांनी २०१४ साली एका परिषदेत सांगितलं की अंगातली जीन्स मी वर्षभर धुतलेली नाही. त्यामागे हिशेब होता. त्यांच्याच कंपनीच्या पाहणीत एका जीन्सच्या आयुष्यातलं पाणी ३,७८१ लिटर आलं आणि त्यातलं २३ टक्के घरच्या धुण्यात गेलं. त्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या हवेत हे जमत असेल. पारा पंचेचाळिसावर गेलेल्या मे महिन्यात वणीच्या बस स्टँडवर हा पण आठवडाभर टिकवून दाखवावा. शिवाय उरलेल्या पाण्याचं काय? त्यातलं ६८ टक्के शेतातलं होतं. एकानं पँट धुतली नाही, तर एकाचंच पाणी वाचतं. त्याच माणसानं कारखान्यात नमुन्याची कतरण एका टक्क्यानं कमी केली, तर कोटींनी गुणलं जातं. कुमारप्पांचं मोठेपण माझ्या मते इथे आहे की त्यांनी दोन्ही केलं: धोतीजामा अंगात घातला आणि दिव्याचं इंधनही बदललं. नुसतं पहिलं केलं असतं, तर ते एक विक्षिप्त ब्रह्मचारी म्हणून लक्षात राहिले असते.

मगनवाडीत १९३८ साली गांधींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आजही आहे. तिथे चरख्यांचे नमुने पाहता येतात, नैसर्गिक रंगांतली खादी घेता येते. मोठमोठ्या आकड्यांपुढे हा पसारा मुंगीएवढा आहे आणि खादी स्वस्त नाही. आठ रुपयांची वेचणी करणाऱ्या बाईला ती परवडणारही नाही. ही त्या प्रयोगाची दुखरी बाजू आहे आणि ती खादीवाल्यांनी झाकू नये. पण कारखान्यातल्या शर्टालाही चरख्याच्या अटी लावता येतात: किती वर्षं टिकेल, दुरुस्तीला काय लागेल, कुणाला परवडेल, बनवणाऱ्याची पाठ किती दुखेल. त्यासाठी सूत हातानंच काढायला हवं असं नाही. दोरा सुती वापरा, कॉलर उलटवता येईल अशी शिवा, शिलाईत दोन बोटं माया ठेवा, फुलपाखरू काढून टाका.

मुंबई-पुण्याच्या फॅशन आणि डिझाइन महाविद्यालयांतल्या मास्तरांना एक विनंती. दुसऱ्या वर्षाची मुलं डिसेंबरात विदर्भात पाठवा. मुंबईहून नंदीग्राम एक्सप्रेस वणीला थांबते, तिथून मारेगाव जवळ आहे. एक दिवस ओटी बांधून ओळीत उभं करा, संध्याकाळी काट्यावर कापूस तोलून घ्या आणि किलोला दहा रुपयांनी हिशेब करून मजुरी हातात द्या. त्यानंतर सुट्टी न देता त्यांना शर्टाचा नमुना आखायला बसवा.